टिकालच्या दारातलं चिकूचं लाकूड : माया लोकांच्या इतिहासाबद्दल बोलूया

बागायती

आमची घोलवडला चिकूची वाडी आहे. फळ उतरवताना देठातून पांढरा चीक निघतो आणि हाताला असा चिकटतो की खोबरेल तेल चोळल्याशिवाय सुटत नाही. हे झाड मूळचं कुठलं, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत कधी पडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ग्वाटेमालातल्या टिकाल या माया लोकांच्या प्राचीन शहराविषयी वाचत होतो, तेव्हा कळलं की तिथल्या उंच देवळांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. आठव्या शतकात बसवलेल्या, वरून दगडाचा भार, भोवती दमट जंगल, आणि तरी त्यातल्या काही अजून जागेवर आहेत. आमच्याकडे त्या आडव्या पट्टीला गणेशपट्टी म्हणतात, कोरीव असली तर विशेषच. टिकालच्या पट्ट्याही कोरीव होत्या. चौथ्या क्रमांकाच्या देवळातली एक एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात नेली, तिच्यावर पालखीत बसलेला राजा आहे. लोखंड नसलेल्या माणसांनी चकमकीच्या दगडाच्या हत्यारांनी हे कोरलं. चिकूचं वाळलेलं लाकूड ज्यांनी कुऱ्हाडीने फोडून पाहिलंय त्यांनाच यातली मेहनत कळेल.

त्या दिवसापासून जमेल तसं वाचतोय, आणि वाचताना एक गोष्ट फार खटकली. मराठीत या लोकांवर जे काही येतं त्यात 'गूढ', 'रहस्यमय' आणि 'लुप्त' हे तीन शब्द हमखास असतात. ज्यांनी आपल्या राजांच्या जन्माच्या, राज्याभिषेकाच्या, लढायांच्या तारखा दिवसानिशी दगडावर कोरून ठेवल्या, ते गूढ कसे? आणि ज्यांच्या भाषा आज लाखो लोक बोलतात, ते लुप्त कसे? म्हणून हा धागा.

आधी जागा सांगतो. दक्षिण मेक्सिको, युकातानचं सगळं द्वीपकल्प, ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरास आणि एल साल्वादोरचा पश्चिम भाग. हा सगळा टापू आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा भरेल. दक्षिणेला ज्वालामुखींचे डोंगर, मध्ये घनदाट जंगल, उत्तरेला चुनखडीचं सपाट पठार. एकच सम्राट, एकच राजधानी असं तिथे कधी नव्हतं. डझनावारी छोटी राज्यं होती, प्रत्येकाचा आपला राजा, आपला देव, आपली वंशावळ. सोयरिकी चालायच्या, लढायाही चालायच्या.

सुरुवात लोक समजतात त्याहून फार जुनी आहे. ताबास्को राज्यात आग्वादा फेनिक्स नावाच्या ठिकाणी मातीचा १४०० मीटर लांबीचा चौथरा सापडला, तो इसवीसनापूर्वी १००० ते ८०० या काळातला. तो एवढा सपाट आणि पसरट आहे की वर उभं राहिलेल्या माणसाला बांधकाम आहे हे कळतच नाही. विमानातून लेझर किरण सोडून जमिनीचा नकाशा काढला तेव्हा दिसला. त्यानंतर एल मिरादोर. तिथलं ला दान्ता नावाचं बांधकाम पायथ्यापासून ७० मीटरच्या वर जातं, आणि ते टिकालच्या प्रसिद्ध देवळांच्या कितीतरी आधीचं आहे.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते टिकाल आणि कालाकमुल या दोन माया राज्यांच्या वैराने. इ.स. ३७८ च्या जानेवारीत सिहयाह काक नावाचा सेनानी पश्चिमेकडून टिकालला पोचला. त्याचा संबंध आजच्या मेक्सिको सिटीजवळच्या तेओतिवाकान या महानगराशी होता. त्याच दिवशी टिकालचा राजा 'पाण्यात शिरला', म्हणजे मेला. पुढच्याच वर्षी नवा राजा गादीवर आला आणि त्याच्या शिल्पांत तेओतिवाकानचा पोशाख दिसू लागला. पुढे दोनेक शतकांनी कालाकमुलचं नागवंशी घराणं वर आलं. सापाचं तोंड ही त्यांची राजमुद्रा. त्यांनी आजूबाजूची राज्यं आपल्याकडे वळवली आणि ५६२ मध्ये टिकालचा असा पराभव झाला की नंतर शंभरेक वर्षं टिकालमध्ये तारखेचा एक स्तंभ उभा राहिला नाही. मग हासाव चान काविल हा राजा आला. त्याने ५ ऑगस्ट ६९५ ला कालाकमुलच्या सैन्याला हरवलं. टिकालच्या कुठल्याही चित्रात दिसतं ते ४७ मीटर उंच, निमुळतं पहिलं देऊळ त्याचीच समाधी आहे. त्या सुमाराला आपल्याकडे बदामीचे चालुक्य राज्य करत होते.

आता गंमत बघा. हे कालाकमुल जगाला कळलं १९३१ मध्ये, आणि ते शोधणारा सायरस लंडेल हा वनस्पतिशास्त्रज्ञ चिकूचा चीक गोळा करणाऱ्या कंपनीकडे कामाला होता. च्युइंग गम त्या काळी याच चिकापासून बनायचं. चीक काढणारे मजूर, चिक्लेरो, पावसाळ्यात जंगलात मुक्काम करत, दोराने झाडावर चढून कोयत्याने बुंध्यावर नागमोडी चिरा देत आणि चीक कढईत आटवत. जंगलातल्या वाटा त्यांना पाठ होत्या. कितीतरी जुनी शहरं पुरातत्त्ववाल्यांना त्यांनीच दाखवली.

जाणकारांनी भर घालावी.

निशिगंध

बागायतीदादा, सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली. चिकू हे नाव आपल्या चीक शब्दावरूनच आलं असणार ना? आणि पुढचा भाग येऊ द्या.

बागायती

निशिगंध, मलाही तसंच वाटायचं, पण नाही. मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतून स्पॅनिशमध्ये 'चिकोसापोते' असं झाडाचं नाव गेलं, त्यातला 'चिको' आपल्याकडे चिकू झाला. चिकाला त्यांच्याकडे 'चिक्ले' म्हणतात आणि आपल्याकडे चीक, हा निव्वळ योगायोग. युकातानची माया माणसं या झाडाला 'या' एवढंच म्हणतात.

तिरपी_रेघ

विरोधासाठी विरोध नाही, पण एक शंका मनापासून विचारतो. महाभारतात मय दानव आहे, त्याने पांडवांना सभा बांधून दिली. तो स्थापत्यात निष्णात. इकडे माया लोक, तेही स्थापत्यात निष्णात. पायऱ्यांची देवळं, कालगणना, शून्य. एवढं साम्य असताना आपल्याकडून कोणी तिकडे गेलंच नसेल असं ठामपणे कसं म्हणायचं?

लिपिवेडी

तिरपी_रेघ, हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून नीट उत्तर देते.

पहिलं नावाचं. टिकालचा राजा स्वतःला 'माया' म्हणवत नव्हता. तो आपल्या राज्याच्या नावाने ओळखला जायचा. 'माया' हा शब्द उत्तर युकातानमधला, मायापान या नंतरच्या शहराच्या नावातही तो आहे. स्पॅनिश लोकांनी तो तिथे ऐकला आणि पुढे अभ्यासकांनी एकमेकांच्या नात्यातल्या तीसेक भाषा बोलणाऱ्या सगळ्याच लोकांना तो लावला. त्यामुळे मय आणि माया हे साम्य फक्त आपल्या कानापुरतं आहे.

दुसरं, बाहेरून कोणी येऊन शिकवलं तर त्याच्या खुणा सापडतात. धान्य येतं, जनावरं येतात, शब्द येतात. तिथे गहू नाही, तांदूळ नाही, बैल नाही, घोडा नाही. मेक्सिकोतल्या तेओसिंते नावाच्या रानगवतापासून हजारो वर्षं निवड करत तिथल्या शेतकऱ्यांनी मका घडवला. त्यांच्या देवळांखाली जुनी लहान देवळं सापडतात, त्यांच्याखाली त्याहून जुने मातीचे चौथरे. पायरी पायरीने वाढ दिसते. हे सगळं त्यांचंच आहे. ते आपल्या नावावर घेणं मला तरी अन्यायाचं वाटतं, विशेषतः ज्यांच्याकडून आधीच इतकं हिरावून घेतलं गेलंय त्यांच्यावर.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते, त्यांच्या लिपीकडे. मराठी माणसाला ती इंग्रज माणसापेक्षा लवकर समजते असा माझा अनुभव आहे.

सोळाव्या शतकात युकातानमध्ये दिएगो दे लांदा नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता. त्याने एका माया जाणकाराला समोर बसवून विचारलं, तुमची अक्षरं लिहून दाखव. लांदा स्पॅनिश पद्धतीने 'आ, बे, से' असं म्हणत गेला आणि समोरचा माणूस त्या त्या उच्चाराचं चिन्ह काढत गेला. लांदाला वाटलं ही मुळाक्षरं. प्रत्यक्षात ते 'बे', 'से' असे पूर्ण उच्चार होते, म्हणजे स्वरासकट व्यंजन, आपल्या बाराखडीसारखं. शेवटी त्याला एक वाक्य लिहायला सांगितलं तेव्हा त्या माणसाने लिहिलं, 'मा इन काती'. अर्थ, मला नको आहे. ते वाक्य लांदाच्या हस्तलिखितात आजही आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अनाम माणसाचा कंटाळलेला चेहरा डोळ्यांपुढे आला.

ही लांदाची यादी १८६० च्या दशकात पुन्हा उजेडात आली, पण मुळाक्षरं म्हणून वापरून काही जुळेना, म्हणून विद्वानांनी ती बाजूला टाकली. चिन्हं सगळी मिळून ८०० च्या आसपास. नुसत्या वर्णमालेसाठी फारच जास्त, आणि प्रत्येक शब्दाला एक चिन्ह म्हणावं तर फारच कमी. १९५२ मध्ये सोव्हिएत रशियातल्या यूरी क्नोरोझोव या तरुण संशोधकाने सांगितलं की ही मिश्र लिपी आहे, काही चिन्हं पूर्ण शब्दाची, काही उच्चाराची. त्याचा पुरावा साधा होता. माया पोथ्यांमध्ये टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हं होती, पहिलं लांदाच्या यादीतलं 'कु'. टर्कीला युकातानी भाषेत 'कुत्स' म्हणतात. म्हणजे दुसरं चिन्ह 'त्सु' असावं. मग कुत्र्याच्या चित्रावर पाहिलं, तर तिथे तेच 'त्सु' पहिलं आणि पुढे 'लु'. कुत्रा म्हणजे 'त्सुल'. जुळलं!

यातला शेवटचा स्वर लिहायचा पण उच्चारायचा नाही, हे पाश्चात्त्य अभ्यासकांना विचित्र वाटलं. आपण 'घर' लिहितो तेव्हा 'र' मध्ये 'अ' असतोच की, आणि म्हणतो मात्र 'घर्'. त्यांच्याकडे फरक एवढाच की हा मुका स्वर बहुतेकदा आधीच्या स्वरासारखा असतो. वाघाच्या कुळातल्या जग्वारला 'बालाम' म्हणतात. तो शब्द जग्वारचं डोकं काढूनही लिहिता येतो आणि 'बा-ला-मा' असा उच्चारानेही, जसं आपण ५ लिहितो किंवा पाच लिहितो.

क्नोरोझोवचं म्हणणं मान्य व्हायला वीसेक वर्षं गेली. एरिक थॉम्पसन हे त्या क्षेत्रातलं सर्वांत वजनदार नाव, आणि त्यांचा कडाडून विरोध होता. शीतयुद्धाचे दिवस, त्यात हा माणूस रशियन. १९९० पर्यंत त्याला माया देशाची माती पाहायलाही मिळाली नाही, सगळं काम छापील पोथ्यांवरून केलेलं.

दुसरं मोठं नाव तातियाना प्रोस्कुरियाकोफ. तोवर सर्वमान्य समजूत अशी होती की स्तंभांवर फक्त ग्रहतारे आणि पुरोहितांची गणितं आहेत, माणसांचा इतिहास नाही. पिएद्रास नेग्रास या शहराचे स्तंभ त्यांनी गटागटाने लावून पाहिले. प्रत्येक गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेमधलं अंतर एका माणसाच्या आयुष्याहून जास्त भरत नव्हतं. म्हणजे एक तारीख जन्माची, एक गादीवर बसल्याची. १९६० मध्ये त्यांनी हे छापलं आणि शेकडो स्तंभांवरचे अनाम 'देव' एकदम हाडामांसाचे राजे आणि राण्या झाले. त्या गेल्यावर त्यांच्या अस्थी पिएद्रास नेग्रासलाच नेऊन पुरल्या.

निशिगंध

मा इन काती! अंगावर काटा आला ताई.

पंचांगवाला

लिपीवर लिपिवेडी ताईंनी लिहिलं, मी आकड्यांवर लिहितो. घरात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग असल्याने माया कालगणना मला परकी वाटली नाही.

त्यांची तीन चक्रं एकदम फिरतात. एक २६० दिवसांचं, १३ आकडे आणि २० दिवसनामं यांच्या जोड्यांचं. आपल्या वार-नक्षत्रासारखं समजा. दुसरं ३६५ दिवसांचं, १८ महिने प्रत्येकी २० दिवसांचे आणि शेवटी ५ अशुभ दिवस. ही दोन्ही पुन्हा त्याच जोडीवर यायला १८,९८० दिवस, म्हणजे सुमारे ५२ वर्षं लागतात. तिसरी ती दीर्घगणना, आरंभदिनापासून आजवर किती दिवस झाले याची सरळ मोजदाद.

टिकालचा २९ क्रमांकाचा स्तंभ घ्या. त्यावर ८.१२.१४.८.१५ असा आकडा आहे. सगळ्यात उजवीकडे दिवस, मग २० दिवसांचा विनाल, ३६० चा तुन, ७,२०० चा कातुन, १,४४,००० चा बाकतुन. बेरीज करा, १२,४३,६१५ दिवस. आरंभ इ.स.पू. ३११४ च्या ११ ऑगस्टला धरला की हा दिवस इ.स. २९२ मध्ये येतो. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, फार समाधान मिळतं. मोजणी विसाच्या पटीत, आपल्या आज्या 'दोन वीस आणि पाच' म्हणायच्या तशी. फक्त एका घरात वीसऐवजी अठराने गुणलंय, म्हणजे वर्षाच्या जवळचे ३६० मिळतात.

आता दोन गोष्टी स्पष्ट करतो. कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच.

आपल्या कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ आणि त्यांचा ३११४. बारा वर्षांचं अंतर पाहून मीही एकेकाळी चमकलो होतो. पण दोन्ही आरंभ नंतर मागे मोजत जाऊन ठरवलेले आहेत. आपला ग्रहयुतीच्या गणितावरून, त्यांचा त्यांच्या १३ बाकतुनांच्या चक्रावरून. दोन्ही गणनांची रीत वेगळी, एकक वेगळं. यातून नातं निघत नाही.

दुसरं शून्य. वाशाक्तून येथे इ.स. ३५७ च्या स्तंभांवर शून्याचं चिन्ह स्पष्ट आहे. पोथ्यांमध्ये ते शिंपल्यासारखं काढतात. हे त्यांचं स्वतंत्र शून्य. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम दिले, ते काम वेगळ्या जातीचं आणि जगभर पसरलं ते आपलं. दोघांचं कौतुक एकाच वेळी करता येतं.

आणि हो, २०१२. त्या डिसेंबरात १३ बाकतुन पुरे झाले, म्हणजे १८,७२,००० दिवस. जगबुडीची आवई उठली, आमच्या ओळखीत एका घरात लग्न पुढे ढकललं गेलं. पालेंके या माया शहरातल्या शिलालेखात मात्र राजा पाकालच्या राज्याभिषेकाच्या एका वर्धापनदिनाची तारीख इ.स. ४७७२ मधली दिली आहे. ज्यांना २०१२ मध्ये जग संपेल असं वाटत होतं ते २७०० वर्षं पुढचा दिवस कशाला कोरतील?

शुक्राविषयी लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात असलेल्या माया पोथीत शुक्राची कोष्टकं आहेत. शुक्राचं एक चक्र ५८४ दिवसांचं, अशी पाच चक्रं म्हणजे २,९२० दिवस, बरोबर आठ वर्षं. खरी सरासरी ५८३.९२ आहे, आणि हा बारीक फरक भरून काढायची दुरुस्तीही त्या पोथीत आहे. दुर्बिणीशिवाय, पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून क्षितिज बघत.

मांडवीकाठ

म्हापशाहून लिहितोय. लांदाचं नाव निघालं म्हणून.

ज्या लांदामुळे लिपी वाचता आली त्यानेच ती नष्ट करायला हातभार लावला. १२ जुलै १५६२ ला युकातानमधल्या मानी गावात त्याने मूर्तींबरोबर माया पोथ्या जाळल्या. नंतर त्यानेच लिहून ठेवलं की या पुस्तकांत अंधश्रद्धा आणि सैतानाचा खोटेपणा याशिवाय काही नव्हतं म्हणून सगळी जाळली, आणि त्या लोकांना त्याचं आश्चर्य वाटावं इतकं दुःख झालं. उंबराच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, वर चुन्याचा लेप, घडीच्या पोथ्या. आज साऱ्या जगात चारच उरल्या आहेत, ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिकोमध्ये.

आमच्याकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं १५६० मध्ये. मानीच्या आधी जेमतेम दोन वर्षं. तिकडे स्पॅनिश, इकडे पोर्तुगीज. आमच्याकडची देवळं आणि ग्रंथ गेले त्याच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या आहेत, त्यामुळे मानीचं वाचताना ते दूरच्या देशातलं वाटत नाही.

पण लोकांनी वाटा काढल्या. ग्वाटेमालाच्या डोंगरात किचे या माया लोकांनी आपला 'पोपोल वुह' हा पुराणकथांचा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्यावर रोमन अक्षरांत लिहून काढला. मूळ प्रत हरवली. १७०० नंतर लवकरच फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने तिची नक्कल करून शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिलं, ती नक्कल आता शिकागोत आहे. त्यात देव आधी मातीची माणसं करतात, ती विरघळतात. मग लाकडाची करतात, त्यांना मन नसतं. शेवटी पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठाची करतात, ती आपण.

शिकाऊ

एक विचारू का? नरबळींबद्दल कोणीच बोललं नाही. ते खोटं आहे का?

लिपिवेडी

खोटं नाही, आणि लपवायचंही नाही. युद्धात पकडलेल्या सरदारांना मारलं जाई. कोपानच्या तेराव्या राजाचा ७३८ मध्ये त्याच्याच मांडलिकाने, किरिग्वाच्या राजाने, पकडून शिरच्छेद केला. त्यानंतर किरिग्वाच्या राजाने उभारलेला एक स्तंभ साडेदहा मीटरचा आहे, एकाच दगडाचा. चिचेन इत्सा येथे एका भूमिगत टाक्यात सापडलेल्या ६४ मुलांच्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये आला. सगळे मुलगे, बरेच एकमेकांचे नातलग, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. पोपोल वुहची कथा जुळ्या भावांचीच आहे हे लक्षात घेतलं की ते वाचणं जड जातं.

राजघराणं स्वतःचंही रक्त वाहायचं. याश्चिलानच्या एका दारपट्टीवर राणी कबाल शोक जिभेतून काट्यांचा दोर ओढते आहे, समोर राजा मशाल धरून उभा. तारीख ७०९ ची. ते शिल्प आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवांनी माणूस घडवायला आपलं काही दिलं, त्याची परतफेड करायची अशी त्यांची धारणा होती. समजून घेता येतं, समर्थन करायची गरज नाही.

तिरपी_रेघ

मय दानवाचा मुद्दा सोडला, लिपिवेडी ताईंचं म्हणणं पटलं. पण मग शहरं का ओस पडली? 'लुप्त' म्हणू नका म्हणता, तरी टिकाल जंगलाने गिळलंच ना?

बागायती

ओस पडली, खरं आहे. पण दक्षिणेकडची, आणि हळूहळू. पालेंकेची शेवटची तारीख ७९९, कोपानची ८२२, टिकालची ८६९, तोनिनाची ९०९. शंभरावर वर्षं लागली. तोवर उत्तरेत उश्माल आणि चिचेन इत्सा भरात होती, आणि त्यांच्यानंतर मायापान पंधराव्या शतकापर्यंत.

कारण एक नाही, पण शेतकरी म्हणून मी पाण्यापासून सुरू करतो. टिकालला नदी नाही. खाली चुनखडी, पाणी झिरपून जातं. वर्षातले चारेक महिने कोरडे. सगळं शहर पावसाचं पाणी साठवून जगायचं. त्यांनी चौक आणि अंगणं गिलावा करून अशा उताराची केली की पाणी थेट तलावांत जावं. एका तलावात पाणी गाळायला दुरून आणलेली वाळू आणि झिओलाइट खनिज घातलेलं सापडलं. हा विचार मला त्यांच्या देवळांपेक्षाही मोठा वाटतो. पण राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाच्या खुणाही मिळाल्या. पारा येतो तो हिंगुळ या लाल खनिजातून, ज्याने ते भिंती आणि थडगी रंगवायचे. पावसाने तो धुऊन पिण्याच्या पाण्यात जायचा.

त्यात दुष्काळ. युकातानमधल्या चिचानकानाब तळ्याच्या गाळावरून आणि बेलीझच्या योक बालुम गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरून नवव्या-दहाव्या शतकात पुन्हा पुन्हा अवर्षण पडल्याचं दिसतं. पाऊस पाडणं हे राजाचं काम, तो देवांशी बोलतो म्हणूनच तो राजा. पाऊस न आल्यावर त्याचं ऐकणार कोण? शिवाय लढाया. दोस पिलास शहरात लोकांनी देवळाराजवाड्यांचे दगड उपटून गावाभोवती तट घातला. ते दृश्य मनातून जात नाही.

राजे गेले, स्तंभ उभारणं थांबलं. शेतकरी उठून पाणी असेल तिकडे गेले, आणि सोबत मका, घेवडा, भोपळा एकत्र पेरायची त्यांची मिल्पा शेतीही गेली. ती आजही चालू आहे.

दूरदेशी

नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं मेक्सिकोत आहे, म्हणून शेवटच्या मुद्द्याला माझी भर.

चियापासमधल्या सान क्रिस्तोबालच्या बाजारात एका बाईंकडून विणलेला ब्लाउज घेत होते. मी कौतुकाने म्हटलं, तुम्ही माया ना? त्या म्हणाल्या, आम्ही त्सोत्सिल. मग शेजारणीशी आपल्या भाषेत बोलू लागल्या. ओळख आधी आपल्या भाषेची, गावाची. आपणही परदेशात कोणी 'इंडियन' म्हटलं तरी एकमेकांत मराठीच असतो ना, तसं.

मका रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायचा, सकाळी धुवून दळायचा. ती हजारो वर्षांची रीत इथे घरोघर आहे. चुन्यामुळे साल सुटते आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला.

'लुप्त' शब्दाने इथल्या लोकांचं खरोखर नुकसान होतं. शेवटचं स्वतंत्र माया राज्य, नोहपेतेन, १६९७ पर्यंत टिकलं. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीला होते तोवर. युकातानच्या माया लोकांनी १८४७ मध्ये उठाव केला तो पन्नास वर्षं चालला. ग्वाटेमालाच्या १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाने ज्यांची ओळख पटवली त्यांतली ८३ टक्के माया होती. किचे समाजातल्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं ते याच दुःखाला वाचा फोडल्याबद्दल. जे लोक नाहीतच असं जगाला शिकवलंय, त्यांच्या मारल्या जाण्याची बातमी तरी कोण घेणार?

आज ग्वाटेमालात तरुण मुलं जुनी लिपी पुन्हा शिकतात, नवे स्तंभ कोरतात, त्यावर आजची तारीख दीर्घगणनेत घालतात.

निशिगंध

दूरदेशी ताई, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं. खूप आभार.

बागायतीदादा, शेवटचा प्रश्न. त्यांच्या शिल्पांत कुठे फळझाडं आहेत का?

बागायती

आहेत, आणि ती कुठे आहेत हे सांगायला मी विसरलोच होतो.

पंचांगवाल्यांनी पालेंकेच्या पाकालचं नाव घेतलं. तो बाराव्या वर्षी, ६१५ मध्ये गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला. आल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाला देवळाच्या फरशीखाली दगडमातीने बुजवलेला जिना सापडला. तो उपसायला चार हंगाम लागले आणि १९५२ मध्ये तळाशी पाकालची दगडी शवपेटी मिळाली. तिच्या झाकणावरच्या चित्राला लोक अंतराळयान म्हणतात. ते आहे विश्ववृक्षाखाली मक्याच्या देवाच्या रूपातला पाकाल.

झाकणाची एवढी चर्चा होते, पण मला ओढ आहे ती पेटीच्या चारी बाजूंची. तिथे त्याचे पूर्वज कोरले आहेत. जमिनीला भेग पडते आणि तीतून माणूस कमरेपर्यंत वर येतो, त्याच्या पाठीमागे एक फळझाड उगवलेलं असतं, प्रत्येकामागे निराळं. आई साक कुक कोकोच्या झाडासोबत आहे. इतरांमागे अवोकॅडो आहे, पेरू आहे, सापोते आहे. मेलेल्या राजाभोवती त्याच्या माणसांची वाडी लावून दिली आहे.

आमच्या वाडीत विहिरीजवळची सहा झाडं आजोबांनी लावलेली. त्यांना गडीसुद्धा अजून 'बाबांची झाडं' म्हणतात. काल त्यांचंच फळ उतरवलं.